टोपडं घातलेली चिऊ

त्याचं आडनाव मी कित्येक वर्षं चुकीचं म्हणत होतो. स्पेलिंगमध्ये सी-एच दिसलं की आपल्या तोंडात 'च' येतो, म्हणून चिवू. रुमानियन भाषेत सी-एच-आयचा उच्चार 'कि' होतो, इटालियनमध्येही तसाच. म्हणजे माणूस खरा क्रिस्तियान कीवू. पण हे कळेपर्यंत आमच्या पुण्यातल्या खोलीत त्याचं बारसं होऊन गेलं होतं. माझा रूम पार्टनर माझ्यासारखाच कोल्हापूरचा, 'चिवू'ची 'चिऊ' करायला त्याला कितीसा वेळ लागणार? आणि एकदा चिऊ म्हटलं की पुढची गोष्ट आपोआप आलीच. मेणाचं घर, धो धो पाऊस, बाहेर भिजणारा कावळा आणि आतून येणारी ती ठरलेली उत्तरं. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला अंगडं-टोपडं घालते.

त्यात या चिऊनं खरंच टोपडं घातलेलं असायचं. काळं, जाड, हनुवटीखाली पट्ट्यानं आवळलेलं. रग्बी खेळणारे घालतात तसं संरक्षक शिरस्त्राण, पण हनुवटीखालचा तो पट्टा बघून बारशाच्या बाळाचीच आठवण यावी. २०१० च्या वसंतात युरोपातले फुटबॉलचे सगळ्यात मोठे सामने इंटर मिलानचा हा बचावपटू त्या टोपड्यात खेळला, आणि आम्ही दोघं रात्री सव्वाबाराला खोलीतल्या चौदा इंची टीव्हीसमोर बसून त्याला हसत होतो. हसणं फार टिकलं नाही, ते सांगतोच.

मी स्वतः बॅक, बचावपटू. म्हणजे होतो. कोल्हापुरात पेठेपेठेत फुटबॉलचे संघ आहेत, तालमींच्या नावानं चालणारे, आणि त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर जी गर्दी होते ती बघून बाहेरचा माणूस चाट पडतो. त्या वरच्या फळीच्या आसपासही मी कधी नव्हतो. आमचा आपला गल्लीतला, शाळेतला खेळ. पण जागा ठरलेली होती: डावीकडचा बॅक. ही जागा कुणी मागून घेत नाही. उरलेल्याला मिळते. मला मिळाली कारण मी डावखुरा होतो आणि फार धावायचो नाही. अकरावीत असताना एका सरावात कॉर्नरवर उडी मारली, समोरच्यानंही मारली, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. भुवईला तीन टाके पडले. टाके आठवड्यात सुकले, पण त्यानंतर चेंडू हवेत आला की माझे डोळे आपोआप मिटायचे. हेड मारायच्या क्षणाला डोळे मिटणारा बॅक म्हणजे पोहायला घाबरणारा कोळी. सरांनी दोन महिने वाट बघितली, मग मला राखीव खेळाडूंत बसवलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

कीवूचं जे झालं ते ६ जानेवारी २०१० ला. व्हेरोनात किएव्होशी सामना होता (हाही सी-एच-आय, आणि हाही मी 'चिएवो' म्हणायचो). चेंडू हवेत, कीवू आणि किएव्होचा सर्ज्यो पेलिस्सिएर दोघं उडी मारतात, डोक्यावर डोकं. अशा टकरी प्रत्येक सामन्यात चार-पाच तरी होतात. खेळाडू उठतो, डोकं चोळतो, डॉक्टर पाणी मारतो. कीवूची कवटी फुटली होती. त्याच दिवशी व्हेरोनातच शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

मार्चमध्ये तो परत मैदानावर होता. अडीच महिन्यांत. चेल्सीचा गोलकीपर पीटर चेक यालाही २००६ मध्ये असाच कवटीला मार बसला होता आणि तोही पुढे तसलंच शिरस्त्राण घालून खेळत राहिला. पण गोलकीपरला देवानं आणि नियमांनी दोन हात दिलेत. बॅकला डोकंच वापरावं लागतं. रोजच्या सरावात, रोज, हवेतून येणाऱ्या चेंडूला तेच डोकं लावायचं जे दोन महिन्यांपूर्वी उघडून परत शिवलंय. माझे तीन टाके मला इथं आठवतात आणि मी गप्प बसतो. इकडे पुण्यात हेल्मेटसक्ती म्हटलं की मोर्चे निघतात, ती गोष्ट वेगळी.

माणूस आला कुठून? रेशित्सा. पश्चिम रुमानियातलं, बानात प्रदेशातलं पोलादाचं गाव. १७७१ पासून तिथं भट्ट्या पेटलेल्या आहेत, रुमानियाचं पहिलं रेल्वे इंजिनही तिथलंच. वडील मिर्चा कीवू त्या गावच्या क्लबचे खेळाडू, मग प्रशिक्षक. ते लवकर गेले. रेशित्साच्या स्टेडियमला आज त्यांचं नाव आहे. म्हणजे पोरगा ज्या घरात वाढला तिथं चेंडूही होता आणि चेंडूबद्दल बोलणंही होतं. मला वाटतं, पुढे जे झालं त्याचं मूळ त्या बोलण्यात असावं. पायात कसब असलेले पुष्कळ असतात. खेळाबद्दल नीट बोलता येणारे कमी.

गावच्या क्लबातून क्रायोव्हा, आणि १९९९ मध्ये, एकोणीस पुरे व्हायच्या आत, थेट आम्सटरडॅमचा आयाक्स. दुसऱ्या वर्षी युरो २०००, शार्लरुआ, इंग्लंडविरुद्ध. पहिल्या सामन्यांत पिवळी कार्डं घेतल्यामुळे हाजी बाहेर बसलेला. हाजी म्हणजे रुमानियाचा देवच, त्याच्याशिवाय खेळायचं. बाविसाव्या मिनिटाला डावीकडून या पोरानं क्रॉस टाकला आणि तो कुणालाच न लागता खांबाला लागून आत गेला. रुमानिया ३-२ नं जिंकली. क्रॉस होता की शॉट, हे बॅकला विचारू नये. बॅकचे गोल असेच होतात.

आयाक्समध्ये तो विशीतच कर्णधार झाला. सोबत कोण? झ्लाटान इब्राहिमोविच, मॅक्सवेल, रफाएल व्हान डर व्हार्ट आणि नंतर वेस्ली श्नायडर. २००२ ला लीग आणि कप दोन्ही. २००३ ला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत सान सिरोवर एसी मिलानशी २-२, आणि तेवढ्यावर आयाक्स पुढे जाणार होती. नव्वद मिनिटं संपल्यानंतर गोल खाल्ला. मला हा सामना लक्षात आहे तो त्या शेवटच्या चेंडूमुळे. उंच, लांब, काही विशेष नसलेला चेंडू, आणि दार क्षणभर किलकिलं राहिलं. एवढंच. बचावपटूचं आयुष्य असंच मोजतात: एकोणनव्वद मिनिटं बंद ठेवलेल्या दाराला कुणी दाद देत नाही, नव्वदाव्या मिनिटाला फट राहिली की जन्मभर तेवढीच दाखवतात.

रोमातली चार वर्षं मी भरभर सोडून देतो. दुखापती बऱ्याच आणि शेवटी २००७ चा इटालियन कप. त्यानंतर इंटर, जर्सी २६. आणि इथं एक गोष्ट झाली जी मला फार आवडते. आयाक्समध्ये तो मधला बॅक होता, चेंडू पायात घेऊन खेळ मांडणारा, फ्रीकिक मारणारा, थाटाचा. इंटरमध्ये मध्ये जागा नव्हती. तिथं लूसिओ आणि वॉल्टर सॅम्युएल. मग कीवू डावीकडे सरकला. राष्ट्रीय संघात गरज पडली तर बचावफळीच्या पुढे मधल्या फळीत. जिथं भोक पडेल तिथं बूच. स्वतःची जागा सोडून दुसऱ्याची जागा नीट खेळणं हे वरवर साधं वाटतं. कुठल्याही ऑफिसात विचारून बघा किती सोपं असतं ते.

आता ती रात्र. २८ एप्रिल २०१०, बार्सिलोना, काम्प नोऊ. आठवड्यापूर्वी मिलानमध्ये इंटर ३-१ नं जिंकली होती. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं विमानं बंद, त्यामुळे बार्सिलोनाचा संघ बसनं मिलानला आला होता आणि त्यांचे चाहते त्याच बसला दोष देत होते. आता घरच्या मैदानावर त्यांना दोन गोल पुरणार होते. मेस्सी, चावी, आणि हो, इब्राहिमोविच, आयाक्सचा जुना सोबती, आता पलीकडच्या जर्सीत.

कीवूचं नाव पहिल्या अकरांत नव्हतंच. सामन्याआधी अंग गरम करताना गोरान पान्देवला दुखापत झाली आणि ऐनवेळी त्याच्या जागी कीवूला उतरवलं. पान्देवची जागा म्हणजे डावीकडची पुढची. हल्ला करायची. तिथं इंटरचा प्रशिक्षक मोरिन्यू यानं बॅक उभा केला. दाराला आधीच एक कडी होती, त्यानं दुसरी घातली. अठ्ठाविसाव्या मिनिटाला इंटरच्या थियागो मोत्ताला लाल कार्ड. त्याचा हात बुस्केट्सच्या चेहऱ्याला लागला, बुस्केट्स पडला, आणि पडल्या पडल्या बोटांच्या फटीतून डोळा उघडून बघत होता पंच काय करतोय ते. (हे दृश्य अजून इंटरनेटवर आहे, जरूर बघा.) आता दहा विरुद्ध अकरा, आणि अजून तासभर.

माझ्या पार्टनरनं टीव्हीचा आवाज बंद केला. घरमालक वरच राहायचे. आणि मग बार्सिलोनाचा प्रत्येक हल्ला आला की तो हळूच म्हणायचा, "चिऊताई चिऊताई, दार उघड." पहिल्यांदा हसलो. मेस्सीचा तो वळवलेला फटका, जूलिओ सेझारनं बोटाच्या टोकानं बाहेर ढकलला. "चिऊताई चिऊताई, दार उघड." परत पास, परत पास, इकडून तिकडे, जणू रुंद दाराची प्रत्येक फळी कुणी बोटानं वाजवून बघतंय कुठली सैल आहे. एटोसारखा इंटरचा, जगातला नावाजलेला स्ट्रायकर स्वतःच्या गोलपाशी बॅक होऊन उभा. आणि डावीकडे ते काळं टोपडं. कधी आत सरकतंय, कधी बाहेर. चेंडू बघायचं मी सोडून दिलं होतं, मी फक्त टोपडं बघत होतो. हे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. फुटबॉलचा सामना चेंडूशिवाय बघितला तर काय दिसतं, ते त्या रात्री कळलं. त्या टोपड्याच्या माणसाला बहुतेक वेळ चेंडू मिळतच नव्हता. तो फक्त दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. पण त्या दोन पावलांमुळे पलीकडच्याला पास द्यायची इच्छाच होत नव्हती, आणि तो चेंडू परत मागे वळवत होता. बॅकचं निम्मं काम न झालेल्या गोष्टींचं असतं. त्याची नोंद कुठे करणार?

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला पिकेनं गोल केला. १-०. अजून एक झाला की संपलं. पार्टनर आता काही म्हणत नव्हता. शेवटी शेवटी बोयाननं चेंडू जाळ्यात मारलाही, पण आधी हाताला लागला म्हणून पंचानं नाकारला. शिट्टी झाली. मोरिन्यू बोट वर करून मैदानभर धावत सुटला आणि यजमानांनी हिरवळीवरचे फवारे सुरू केले. पाऊस सुरू झाला, आणि कावळा बाहेरच राहिला! कीवू पूर्ण नव्वद मिनिटं खेळला होता.

अंतिम सामना २२ मेला, माद्रिदमध्ये, बायर्न म्यूनिकशी. लोकांना इंटरच्या मिलितोचे दोन गोल आठवतात, आणि आठवायलाच पाहिजेत. मला आठवतो तो डावीकडचा कोपरा, जिथं कीवूच्या पुढ्यात आर्यन रॉबेन होता. रॉबेन उजवीकडून डाव्या पायानं आत येणार, हे अख्ख्या जगाला माहीत होतं आणि तरी तो येतच होता. अर्ध्या तासाला कीवूला पिवळं कार्ड. म्हणजे आता उरलेला वेळ एक हात बांधून खेळायचं. अडुसष्टाव्या मिनिटाला मोरिन्यूनं त्याला बाहेर काढलं, स्तान्कोविच आत आला, हावियेर झानेत्ती डावीकडच्या बॅकला गेला. दोन मिनिटांनी दुसरा गोल झाला. बाकावर बसून बघितला असेल त्यानं. लीग, इटालियन कप आणि चॅम्पियन्स लीग, एका मोसमात तिन्ही. इटलीतल्या कुठल्याच क्लबनं ते त्याआधी केलं नव्हतं.

त्याला देव्हाऱ्यात बसवायचा माझा विचार नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये बारीशी खेळताना, चेंडू दुसरीकडे असताना, त्यानं मार्को रॉस्सीला ठोसा मारला. सरळ, मुठीनं. पंचांना दिसलं नाही, कॅमेऱ्याला दिसलं, चार सामन्यांची बंदी झाली. सामना संपल्यावर टीव्हीसमोर येऊन त्यानं माफी मागितली. माझा पार्टनर म्हणाला, "चिऊनं चोच मारली की." डोक्याला एवढा मार खाल्लेला माणूस दुसऱ्याच्या तोंडावर मूठ उगारतो, हे मला तेव्हा समजलं नाही आणि आजही नीट समजत नाही. त्याच वर्षी त्यानं राष्ट्रीय संघ सोडला, ७५ सामने खेळून. २०१४ च्या मार्चमध्ये इंटरशी करार संपवला. तेहतीस वय. शरीरानंच नाही म्हटलं होतं.

इथून पुढे बहुतेक लेख दोन ओळींत गुंडाळतात. मला मात्र या माणसात खरा रस वाटायला लागला तो इथून.

नावाजलेले खेळाडू प्रशिक्षक होतात तेव्हा बऱ्याचदा एकदम वरच्या मजल्यावर लिफ्टनं जातात. नाव विकतं. कीवू २०१८ मध्ये इंटरमध्येच परत आला, पण चौदा वर्षांखालच्या पोरांकडे. इंटरचं युवा केंद्र जाचिंतो फाकेत्तीच्या नावानं आहे, तोही डावीकडचा बॅकच. तिथं एकेक इयत्ता वर चढावं तसं, चौदाखालून सतराखाली, मग अठराखाली, मग २०२१ ला प्रिमाव्हेरा, म्हणजे सगळ्यात वरचा युवा संघ. २०२२ ला त्या पोरांनी अंतिम सामन्यात रोमाला हरवून विजेतेपद मिळवलं. सहा वर्षं. ज्यानं युरोपचा कप उचललाय, तो सहा वर्षं पोरांच्या बुटांच्या नाड्या बघत होता.

मी रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतल्या पोरांना खेळवतो. दहा-बारा वर्षांची. शिकवतो म्हणवत नाही. सगळी एका चेंडूमागे, मोहोळ उठल्यासारखी. "बॅकला कोण?" असं विचारलं की दहा पोरं आपापल्या बुटांकडे बघतात. एकजण परवा म्हणाला, "काका, बॅकला मजा नसते, बॉलच येत नाही." मी त्याला काम्प नोऊची गोष्ट सांगायला गेलो. दोन वाक्यांत त्याचं लक्ष उडालं. रास्त आहे. चौदा वर्षांच्या पोराला न झालेल्या गोष्टीचं मोल कसं पटवायचं, हे कीवूला सहा वर्षांत साधलं असेल, तर त्याला मिळालेल्या सगळ्या पदकांपेक्षा मला त्याचा हेवा वाटतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पार्मानं त्याला बोलावलं. तळाशी गटांगळ्या खाणारा संघ, आणि सामने उरले होते तेरा. पहिल्याच सामन्यात बोलोन्याला २-० हरवलं. शेवटच्या दिवशी अतालांताकडे ०-२ नं मागे असताना ३-२ नं जिंकून संघ वाचवला. पण मधला एक सामना मला इथं सांगायलाच हवा. ५ एप्रिलला इंटर पार्मात आली, मध्यंतरापर्यंत २-० नं पुढे. सामना सुटला २-२. इंटरचे दोन गुण गेले. मोसम संपला तेव्हा नापोलीचे ८२ गुण आणि इंटरचे ८१. एका गुणानं लीग गेली! घरच्याच चिऊनं घरच्यांना दारात उभं केलं होतं.

आणि मग ३१ मेला म्यूनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पॅरिसनं इंटरला ५-० नं धुतलं. एवढ्या फरकानं अंतिम सामना आजवर कुणी हरलेलं नाही. इंटरचा प्रशिक्षक सिमोने इंझागी सौदीला गेला. आधी कोमोच्या सेस्क फाब्रेगासचं नाव चर्चेत होतं, पण जूनमध्ये दार उघडलं ते कीवूला. मोठ्या माणसांच्या संघाचा अनुभव तेरा सामन्यांचा. लोकांनी नाकं मुरडली, मीही थोडं मुरडलं. ज्या संघाची छप्परासकट भिंत कोसळलीय, तिथं तेरा सामन्यांचा गवंडी? ऑगस्टमध्ये तोरिनोला ५-० हरवलं तेव्हा सगळे वा म्हणाले. पुढचे दोन सामने, उदिनेझे आणि युव्हेंटस, हरले तेव्हा सगळे बघा आम्ही म्हटलं होतं म्हणाले. युव्हेंटसशी तर ३-४. बॅकच्या संघानं चार गोल खाल्ले, हे दुखलं.

चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, चॅम्पियन्स लीगचा पहिला सामना. सोडत कुणी काढली देव जाणे. आम्सटरडॅम, आयाक्स. एकोणिसाव्या वर्षी जिथं तो आला होता ते स्टेडियम, आता योहान क्रायफच्या नावाचं. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, बायको म्हणाली झोप, मी मोबाईलवर आवाज बंद करून बघत बसलो. जुनी सवय. पार्टनर आता नाशिकला असतो, त्याला मेसेज टाकला, जागा आहेस का. होता.

कीवू रेषेपाशी उभा होता. पंचेचाळिसाकडे झुकलेला, दाढीत पांढरं. प्रशिक्षकाला रेषा ओलांडता येत नाही. फट दिसली तरी स्वतः दोन पावलं सरकून ती बुजवता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी ती दिसेल याची वाट बघावी लागते. आयुष्यभर दारात उभा राहिलेल्या माणसाला ते किती जड जात असेल, असं वाटत होतं. मध्यंतराच्या थोडं आधी इंटरच्या चालानोलूनं कॉर्नर मारला, मार्कस थुराम उठला आणि हेड. १-०. मध्यंतरानंतर दोनच मिनिटं झालेली, परत कॉर्नर, परत चालानोलू, परत थुराम, परत हेड. २-०. दार शेवटपर्यंत बंद राहिलं.

मोबाईल थरथरला. पार्टनरचा मेसेज होता: "चिऊचं टोपडं कुठाय रे?"

मी लिहिलं, "बाळाला घातलं."